पाटलाच्या टाकीखालचा निळा ड्रम

मी ड्रम बोलतोय. निळा, प्लास्टिकचा आणि सध्या आडवा. हसू नका. लातुरात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तिथं ड्रमाला थोरल्या जावयाइतका मान असतो. मी न्हाणीघराच्या दारात ऐटीत उभा असायचो. मग आमच्या सरांच्या डोक्यात मासे शिरले.

सर म्हणजे व्यंकट. कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतात. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. वाचले ते दोघंच, परगावी शिकायला असलेले सर आणि त्यांची माय गुणाबाई. पुढं सरांनी लातुरात स्लॅबचं घर बांधलं, पण गुणाबाई वास्तुशांतीलाही उंबऱ्याच्या आत आली नाही. अंगणात पत्र्याच्या शेडमध्येच राहते. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, स्लॅब पडला तर माणूस जातंय," म्हणते.

माय आत यावी, एवढाच सरांना ध्यास. टीव्ही आणला, तर ती खिडकीतून मालिका बघायची. शेवटी त्यांनी हॉलमध्ये खाटेएवढी काचेची टाकी मांडली आणि तिच्यात एक मोठा मासा सोडला. काळा, नारिंगी ठिपक्यांचा, कायम तोंड फुगवलेला. गुणाबाईनं त्याचं नाव ठेवलं पाटील. ती खिडकीशी आली की पाटील काचेशी यायचा. दोघं एकमेकांकडे बघत बसायची, पण बाई काही आत येईना.

पाटील खायचा लई आणि घाण त्याहून जास्त करायचा. पाणी गढूळ झालं. "गाळणी मी घरीच बनवतो. शेवटी फिजिक्सचा माणूस आहे," सर म्हणाले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"पाण्याचा ड्रम कापायलाव? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" सिंधूवहिनी, म्हणजे सरांची बायको, कडाडल्या.

सरांनी ऐकलं नाही. मला आडवं पाडलं, करवतीनं माझं पोट फाडलं, आत स्पंज, खडे आणि भांडी घासायच्या जाळ्या कोंबल्या. जाळ्याही वहिनींच्याच! मग मला टाकीखाली सरकवलं. वरचं घाण पाणी काठाजवळच्या एका नळीनं माझ्यात पडायचं, गाळलं जायचं आणि कूलरची मोटर ते दुसऱ्या नळीनं वर चढवायची. आवाज नको म्हणून सरांनी त्या नळीचं तोंड पार टाकीच्या तळापर्यंत बुडवलं. सकाळी मोटर चालू केली, शेजाऱ्यांना दाखवली, मिशीवरून हात फिरवला आणि क्लासला गेले.

दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. मोटर थांबली आणि वरचं पाणी त्याच नळीतून उलटं माझ्यात यायला लागलं. मी म्हणालो, बाबा पुरे. ऐकतंय कोण? मी काठोकाठ भरलो, मग सांडलो, हॉलमध्ये नुसतं तळं झालं. वर पाटील आडवा पडून शेपटी आपटत होता. वहिनी बाजारात गेलेल्या. खिडकीत फक्त गुणाबाई.

पुढचं मला मागाहून कळलं. त्याच वेळी सर वर्गात सायफन शिकवत होते. एक भांडं वर, एक खाली, मधे नळी. "मोटर नसली तरी पाणी आपोआप खाली..." एवढं बोलले आणि त्यांना घरची नळी आठवली. तोंड पांढरंफटक पडलं. खडू टाकला आणि धूम पळाले.

आता लातुरात मोठा माणूस काही न बोलता स्लॅबखालून पळाला, तर त्याचा अर्थ एकच. "भूकंप!" कोणीतरी बोंब ठोकली. अख्खा वर्ग खाली आला. शेजारचा केमिस्ट्रीचा वर्गही आला. खालचा न्हावी गिऱ्हाइकासकट पळाला, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच. सर पळतात त्या अर्थी त्यांना मोकळी जागा ठाऊक असणार, म्हणून सगळे सरांच्या मागं. थेट आमच्या दारात.

आत बघतात तर गुणाबाई! साडी खोचून, पाण्यात उभी राहून, माझ्यातलं पाणी तांब्यानं वर ओतत होती. ओतायची तेवढंच नळीतून परत माझ्यात यायचं.

"आजी, बाहेर या! भूकंप झालाय!"

तांब्या हवेत थांबला. बाईनं वर स्लॅबकडे बघितलं. दुसऱ्या हातानं माझा काठ घट्ट धरला. आता ही जाते आणि पाटील मरतो, असंच मला वाटलं. मला फार भीती वाटली.

"झाला तर होऊ द्या!" ती खेकसली. "ह्याला टाकून येऊ व्हय? मागं समदी आत ऱ्हायली अन् म्या एकली बाहीर निघाले. आता पुन्हा न्हाई जमायचं मला. मुडद्यांनो, बघत काय उभारलाव? बादल्या धरा!"

पोरं बादल्या घेऊन आत घुसली. सरांनी नळी उपसून काढली आणि तसेच पाण्यात बसले. "भूकंप नाही गं माय, माझीच चूक झाली," म्हणताना त्यांना रडूच फुटलं.

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत गुणाबाई दोन ढांगांत अंगणात.

आता त्या नळीला वर पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक आहे. लाइट गेली की त्यातून हवा शिरते, पाणी थांबतं, पाटलाला काही होत नाही. पण गुणाबाईला हे कोणी सांगितलेलं नाही. लाइट गेली की ती "गेली का मेली!" म्हणत तांब्या घेते, आत येते आणि लाइट येईपर्यंत माझ्याशेजारी पाटलाची राखण करत बसते. हल्ली चहाही तिथंच घेते.

कधी कधी लाइट जातच नाही. मग सर हळूच उठतात, दारामागं जातात आणि मेन स्विच खाली ओढतात.

लातूरला आलात तर घरी या. पाटलाला बघा, मलाही बघा. फक्त हात जोडून सांगतो, त्या भोकाचं गुणाबाईजवळ बोलू नका.