काळी काचपट्टी

त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट उचलून धरलं, दोन्ही काचपट्ट्यांवरची नावं कागदी चिकटपट्टीनं झाकली आणि पट्ट्या उलटसुलट केल्या.

"वळ आता, ताई. कुठली कुणाची, ते देवालाच ठाऊक."

"आणि तुला."

"मी फुटणार नाही. चहा पाजलास तरी."

ताई हसली नाही. आपल्याच मनानं डोळ्यांना फसवू नये, म्हणून ही झाकपाक होती. एका पट्टीवर बाबांच्या मांडीच्या स्नायूचा काप होता, दुसरीवर समोर बसलेल्या या भावाच्या. स्नायूच्या पेशीला आतून सावरून धरणारं प्रथिन भावाकडे जन्मापासूनच नव्हतं. म्हणून तो चाकांच्या खुर्चीत. तेवढंच प्रथिन हुडकून त्याला चिकटणारं, हिरवं चमकणारं प्रतिपिंड तिनं खपून तयार केलं होतं आणि दोन्ही कापांवर त्याचा एकेक थेंब सोडला होता.

आधीच्या, विकतच्या प्रतिपिंडानं भावाचा काप उजळला होता. थोडं तरी प्रथिन आहे, असं समजून घरात सगळे आनंदानं रडले. मग कळलं, ते तोंडावळ्यानं सारख्या, भलत्याच प्रथिनाला चिकटलं होतं. तेव्हापासून आईनं प्रयोगशाळेचं विचारणंच सोडलं.

तिचं काम खरं ठरायचं, तर आज भावाची पट्टी काळी यायला हवी होती. सकाळी हात जोडले तेव्हा काय मागावं, तेच तिला सुचलं नव्हतं.

तिनं खोलीतला दिवा मालवला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या पट्टीत हिरव्या कड्याच कड्या, पोळ्यातल्या घरांसारख्या एकमेकींना खेटून. तिनं दुसरी लावली. भिंग वरखाली केलं, पुन्हा केलं.

"बोल की."

"पहिली उजळ."

"आणि दुसरी?"

तिची बोटं थांबली.

"ताई, दिसतंय ते सांग. मला सांभाळून घेऊ नकोस."

"काळी. पूर्ण काळी."

तिनं दिवा लावून दुसरी पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो नखानं कागद सोलू लागला. वेळ लागला. ती मदतीला पुढे झाली नाही.

नाव दिसताच त्यानं घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, काळी आली! माझी काळीच आली!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मग ओरडतोयस कशाला एवढा?"

"अगं, ताईचं बरोबर निघालं! उद्या कुणाच्या पोराला हे प्रथिन परत आणायचं औषध दिलं, तर ते खरंच लागू पडलं का, हे ताईच्या थेंबानं कळेल. आणि हे सिद्ध झालं कुणाच्या पट्ट्यांवर? आपल्या!"



"ताई आहे का तिथं?"

"ऐकतेय, आई."

"मला बघायला येता येईल का गं?"

"ये ना. बाबांची फार सुंदर दिसतेय."

"दोन्ही दाखव," आई म्हणाली.