देवघरापर्यंतचे डाग

मन्मथअप्पांना देव दोनच, असं गावातले लोक त्यांच्या माघारी म्हणत. एक गळ्यातलं लिंग आणि दुसरी घरातली पलाष्टिकची फरशी. चुडाव्याच्या स्टेशनपासून दीड कोसावरच्या त्या गावात शहाबादीसुद्धा चार-दोन घरांतच होती आणि अप्पांनी परभणीहून पिवळसर, चौकोनी नक्षीचं व्हिनाइल आणून सगळं घर मढवलं होतं. महिना झाला तरी ते स्वतः त्यावरून चवड्यांवर चालत. ओट्यावर पाण्याचा रांजण, तांब्या आणि पायपुसणं. पाय धुवायचे, पुसायचे, मगच आत यायचं, मग तो पाहुणा असो की जावई. ज्वारीचा एक दाणा सांडला तरी त्यांना दारातून दिसायचा. त्यांची बायको मल्लम्मा या सगळ्याला विटली होती. "माणसापरीस फरशीची फिकीर लय," असं पुटपुटत ती रोज ओल्या फडक्यानं सगळं घर पुसून काढायची.

फरशी बसवली होती भुजंगनं. गावाच्या पूर्वेला बौद्धवाड्यात त्याचं घर होतं आणि तो परभणीच्या एका फरशीच्या दुकानात कामाला जायचा. हात असा साफ, की सांधा शोधून सापडू नये. चार दिवस तो अनवाणी पायांनी घरभर रांगला आणि देवघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. थांबला म्हणजे अप्पांनी थांबवला. आतला तुकडा त्यानं बाहेर बसून मापात कापला आणि अप्पांनी आंघोळ करून, भस्म लावून, स्वतःच्या हातानं अंथरला. भुजंग उंबऱ्याबाहेरून "मधून दाबा आप्पा, मधून" असं सांगत राहिला आणि अप्पा कडेनं दाबत राहिले. मधोमध ताटलीएवढा फुगा राहिला तो राहिलाच.

जाताना भुजंगनं मल्लम्माला बजावलं होतं. "काकू, राखेनं घासू नका, पांढरे पट्टे पडतील. बुटाचा काळा डाग पडला तर ओल्या फडक्यावर बारीक भुकटी घ्या, हलक्या हातानं फिरवा. जोर केला की चकाकी मेली." मल्लम्मा हसली होती. या घरात बूट घालून शिरायची छाती होती कुणाची?

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला रेडिओवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. सोळा वर्षं ज्या नावावरून मराठवाडा धुमसत होता, त्याचा निकाल लागला. बौद्धवाड्यात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी, करीला, गावातल्या पोरांनी स्टेशनच्या रस्त्यावर टायर पेटवले. त्या पोरांत मल्लम्माचा सिद्धलिंग होता. बावीस वर्षांचा, हाताला काम नाही आणि डोक्यात भुसा भरणारे चिक्कार. सकाळी अप्पांनीच ओट्यावर बसवून त्या पोरांना चहा पाजला होता आणि "बरोबर हाय तुमचं" म्हणत मान डोलावली होती. आता दुपारी ते ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन पडले होते.

मल्लम्मा स्वयंपाकघरात भाकरी झाकून ठेवत होती, तेवढ्यात परसातलं दार धाडकन उघडलं. भुजंग आत घुसला. अंगातला सदरा फाटलेला, कपाळातून रक्त. ओल्या परसातून धावत आलेले त्याचे काळ्या रबरी तळाचे बूट व्हिनाइलवर किंचाळले. तो दोन हात घसरत गेला, भिंतीला धरून सावरला.

"काकू, स्टेशनच्या रस्त्यावर गाठलं, मारतील मला."

मल्लम्माला आधी राग आला, हे तिनं पुढं कधी लपवलं नाही. बूट घालून घरात! मग तिनं त्याचे डोळे पाहिले आणि मागोमाग लांबून येणारा गलका ऐकला. "परसातून पळाला! आप्पाच्या घराकडं!" त्या आवाजांतला एक आवाज तिनं नऊ महिने पोटात वागवलेल्या पोराचा होता.

भुजंग सापडला तर जीवानं जाईल आणि त्याला मारणाऱ्या हातांत तिच्या सिद्धूचे हात असतील. ते हात मग कुठल्या पाण्यानं धुवायचे?

घरात लपायला जागा कुठं होती? माळवदावर जायचं तर शिडी अंगणातून. एकच दार असं होतं, की ते आंघोळीवाचून कुणी उघडत नसे. तिनं भुजंगला दंडाला धरून देवघरात ढकललं. "बूट काढ," एवढं म्हणाली, दार ओढून घेतलं आणि परसातल्या दाराला कडी घातली.

मग तिनं मागं वळून पाहिलं. परसदारापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत काळे फराटे. दोन लांब, बाकीचे तुटक. आंधळ्यालाही माग काढता आला असता.

तिनं ओलं फडकं घेतलं आणि पहिला डाग घासला. चिखल निघाला, काळं तसंच. अजून घासलं. काळं हटेना. समोर ओट्यापाशी गलका येऊन थांबला होता. ती चुलीकडे धावली आणि राखेची मूठ भरली.

"काकू, राख नको." दाराच्या फटीतून कुजबुज आली. चुलीकडे धावलेली तिची पावलं त्यानं ओळखली होती. "पट्टा पडंल, लगेच कळंल. दंतमंजन हाय का?"

"न्हाई रे. काळी मिसरी हाय."

मग तो म्हणाला, "हितं विभूतीचा गोळा हाय. लय बारीक हाय ती. पर मी हात कसा लावू?"

बाहेर अप्पांचा आवाज चढला होता. "अरे, चपला काढा आधी! कुठं चालला तसाच?"

"लाव हात," मल्लम्मा म्हणाली. "दे हिकडं. जल्दी."

फटीतून हात आला. बोटांना रक्त लागलेला, आणि त्यावर रोज सकाळी अप्पा कपाळाला लावत तो पांढरा गोळा. तिनं नखानं खरवडून भुकटी फडक्यावर पाडली आणि हलक्या हातानं फिरवू लागली. हलक्या हातानं! जीव चाललेला असताना हात हलका ठेवायचा म्हणजे काय असतं, ते तिलाच माहीत. पण काळं सुटलं. फडक्यावर उतरलं. दुसऱ्या फडक्यानं पुसलं की खाली पिवळी नक्षी जशीच्या तशी.

ओट्यावर अप्पांची आयुष्यभराची खोड आज नकळत कामी येत होती. "आप्पा, तो घरात शिरलाय, आमी बघितलंय!" सिद्धलिंग ओरडत होता आणि अप्पा म्हणत होते, "शिरला आसंल तर जातो कुठं? पाय धू. टाचा धू. तुमी बाकीचे हितंच थांबा, दहा जणांचे चिखलाचे पाय मला घरात नकोत." तांब्यातलं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मल्लम्मा गुडघ्यांवर सरकत होती. परसदारापाशी साफ. भिंतीपाशी साफ. माजघरातले चार साफ. एकेका तांब्याला एकेक डाग. आज पहिल्यांदा तिला त्या रांजणाचा राग आला नाही.

एक राहिला. देवघराच्या उंबऱ्याला लागून, वीतभर, अर्धा दाराखाली गेलेला. तिनं फडकं त्यावर टेकवलं आणि सिद्धलिंग आत आला. त्याच्या मागं अप्पा.

ती उठून उभी राहिली, दाराला पाठ लावून. लुगड्याचा घोळ डागावर पडेल असं पाहिलं, पण घोळ पुरा पडला नाही.

"काय करायलीस माय?"

"फरशी पुसायले."

"ह्या टायमाला?"

"तुझ्या बापाला टाइम लागतो का?"

सिद्धलिंगनं स्वयंपाकघर पाहिलं, कोठ्यांमागं पाहिलं, परसदाराची कडी हलवून पाहिली. हातात बाभळीची काठी होती. अप्पा माजघरात मधोमध उभे होते आणि सवयीनं फरशी पाहत होते. मल्लम्माला त्यांची नजर कळत होती. ती नजर सरकत सरकत तिच्या पायाशी आली आणि थांबली. मग वर, तिच्या हाताकडे. बोटं पांढरी झाली होती. फडक्याशेजारी विभूतीचा गोळा पडला होता, निम्मा झिजलेला, आणि त्याला बोटाएवढा रक्ताचा डाग होता.

संपलं, असं तिला वाटलं. हा माणूस दाण्यासाठी घर डोक्यावर घेतो, हा आता बोंब मारणार. सकाळी यानंच चहा पाजला होता. ती त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडे एवढं काही कधी मागितलं नव्हतं.

"देवघर राहिलं," सिद्धलिंग म्हणाला.

अप्पा वळले आणि बाहेर ओट्यावर गेले. पोरांना बोलवायला गेले, असं समजून मल्लम्मानं डोळे मिटले. उघडले तेव्हा अप्पा परत आत येत होते. पायांत चपला होत्या. चिखलाच्या, टायरच्या तळाच्या, करकर वाजणाऱ्या. त्या माणसानं आपल्या पिवळ्या फरशीवरून, दारापासून देवघरापर्यंत, पाय घासत काळे फराटे ओढत आणले. तिच्या शेजारी येऊन त्या राहिलेल्या डागावर टाच ठेवली आणि गर्रकन फिरवली.

"आंघोळ केल्याबिगर देवघरात जायचं न्हाई," ते म्हणाले. "जायचंच आसंल तर मला आडवा पाड आन् जा."

सिद्धलिंग बापाच्या पायांकडे पाहत राहिला. देवाच्या दारात चपला. मग त्याची नजर गोळ्यावर गेली, आईच्या बोटांवर गेली. त्याला कळलं. पोरगं डोक्यानं मंद नव्हतं, हे तर खरं दुःख होतं. काठी त्यानं एकदा घट्ट धरली.

"आप्पा, चपला काढा," तो शेवटी खाली बघत म्हणाला आणि बाहेर गेला. ओट्यावरून त्याचा आवाज आला. "न्हाई कोणी. नाल्याकडं गेला आसंल."

गलका लांब गेला. मग मल्लम्मानं दार उघडलं. भुजंग कोपऱ्यात उभा होता, बूट छातीशी धरून, अंग चोरून, कशालाही धक्का न लावता. अप्पांना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी खाली बघितलं, तर समोर तो फुगा.

"तू म्हणला तसं मधून दाबायला पायजे होतं," अप्पा म्हणाले. "आता आत हायेसच, तर दाबून दे."

भुजंगनं फुग्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"आज न्हाई आप्पा. घरी लेकरं वाट बघायलीत." तो उंबरा ओलांडून बाहेर आला. "मला पळत यावं लागणार न्हाई, त्या दिशी बोलवा. समोरच्या दारानं यीन, दिवसाउजेडी. मग दाबतो."

त्याला एकट्याला जाऊ देण्यात अर्थ नव्हता. अप्पांनी खुंटीवरचा रुमाल डोक्याला बांधला आणि चपला न काढताच त्याच्याबरोबर बौद्धवाड्याकडे निघाले. मल्लम्मा खाली बसली. उरलेला गोळा हातात घेतला, रक्ताचा डाग होता त्या बाजूनं खरवडायला तिचा हात धजेना, म्हणून उलटा केला आणि नवऱ्याच्या चपलांचे फराटे पुसू लागली.