सातव्या प्रकरणातलं वाक्य

कॉपीराइट नोंदणीच्या खिडकीमागच्या बाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि कानाशी नेऊन हलवलंसुद्धा.

"काका, यात आहे काय?"

"कादंबरी," लेखक म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वीची. मीच मला रजिस्टर पोस्टानं पाठवली. हा टपालाचा शिक्का, ही तारीख. आणि या लाखेच्या पाच मोहरा. एकही फुटलेली नाही."

लेखक हे त्यांचं गल्लीतलं नाव. उभी नोकरी त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात काढली होती. त्यांची एक ओळही कुणी वाचलेली नव्हती, पण पाकिटाची गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती. पाणीखात्यातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचं आणि आलं की उघडायचं नाही. मग कुणी चोरलं तर कोर्टात पाकीट ठेवायचं, चोराची बोलती बंद. तेव्हापासून पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर, रजयांच्या खाली होतं. कुणी वाचायला मागितलं की लेखक हळहळत सांगत, "दिलं असतं हो, पण मोहर तोडता येत नाही."

बाई हे सगळं ऐकून हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"काका, तुम्ही लिहिलंत त्याच दिवशी हक्क तुमचा झाला. मग ते टपालात टाका, नाहीतर गादीखाली ठेवा. इथं आम्ही फक्त नोंद करतो. पुढं वाद झालाच, तर पुरावा म्हणून नोंद कामाला येते."

"आणि हे पाकीट?"

"ते उघडा, आणि दोन प्रती काढून आणा. बंद पाकिटाची नोंद कशी करू मी?"

लेखकांना एकदम पोरकं वाटलं. "आणि कुणी माझी कल्पना उचलली तर?"

"नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. ज्याचे शब्द, त्याचा हक्क." बाईंनी अर्ज पुढं सरकवला. "दुसऱ्या कुणाचा मजकूर घेतला असेल, तर त्या माणसाचं ना-हरकत पत्र जोडा. अर्ज दिल्यावर महिनाभर थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही, की पुढची तपासणी."

अर्ज आणि पाकीट घेऊन लेखक बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

खरं सांगायचं तर चोराची भीती त्यांना पहिल्या वर्षातच उरली नव्हती. त्यांना भीती होती ती घरातल्याच एका वाचकाची. कादंबरीत एक बायको होती. ती बायंडिंगच्या कारखान्यात कामाला जायची, खळ लावून लावून तिची बोटं फुटलेली असायची, आणि तिची जीभ सुरीसारखी चालायची. सातव्या प्रकरणात ती नवऱ्याला म्हणते, "लिहून कुणाचं पोट भरलंय?" आणि शेवटी नवरा घर सोडून जातो. लेखकांच्या बायकोनं तीस वर्षं बायंडिंगच्या कारखान्यात काढली होती. आंधळ्यालाही कळलं असतं कोण ते. त्या वर्षी दोघांचं पटत नव्हतं आणि लेखकांनी सगळा राग कागदावर काढला होता. राग उतरला तोवर पाकिटाला मोहरा लागलेल्या होत्या.

बायकोनं मात्र ते कधी वाचायला मागितलं नाही. कारखान्यात बांधायला आलेला प्रत्येक छापील फर्मा वाचून काढणारी बाई, पण घरातल्या पाकिटाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज सकाळी तीच म्हणाली, "किती दिवस कुजत ठेवणार ते? जा, रीतसर नोंदवून या." आणि लेखक चपला घालत असताना मागून सांगितलं, "उघडायला लावलं तर खालून उघडा. वरच्या मोहरा फुटल्या तर तुमचाच जीव हळहळेल."

लेखकांनी पाकीट खालून उघडायला घेतलं. शेजारच्या माणसाकडून फूटपट्टी मागून घेतली, पण तिची गरज पडली नाही. घडी अलगद सुटून आली. त्यांना आठवत होतं, आपण डिंक लावला होता, चांगला जाड. इथं तर कागदावर पांढरट पातळ पापुद्रा होता. त्यांनी नखानं तो खरवडून पाहिला. खळ होती.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक तारीख लिहिली होती. कारखान्यात फर्म्यांच्या गठ्ठ्यावर घालतात तशी. पाकीट टपालानं आलं, त्याच्या पुढच्याच महिन्यातली.

लेखकांचे कान तापले. पुढच्या पानावर एक वेलांटी सुधारली होती. त्याच्या पुढच्या पानावर एका ओळीखाली रेघ होती, आणि समासात लिहिलं होतं, 'हेच दोनदा झालं.' अक्षर उजवीकडे कलतं, घाईचं, त्यांच्या रोजच्या ओळखीचं. चौथ्या प्रकरणात फुटलेल्या बोटांचं वर्णन होतं. तिथं तिनं लिहिलं होतं, 'हे बरोबर पाहिलंत.'

सातवं प्रकरण उघडायचा त्यांना धीर होईना. शेजारच्या माणसाला फूटपट्टी परत दिली, उगाच चष्मा पुसला. मग उघडलं.

'लिहून कुणाचं पोट भरलंय?' या वाक्याखाली रेघ होती. समासात दोन ओळी होत्या. 'असं मी म्हटलं नव्हतं. लिहून झालं की जेवायला या, असं म्हटलं होतं.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. आणि त्यांना आठवलं. अगदी तसंच म्हणाली होती ती, हात पुसत, दारातून. रागाच्या भरात आपण काय ऐकलं आणि काय लिहिलं! त्यांना लाज वाटली, भर सरकारी बाकावर, अनोळखी माणसांच्या गर्दीत. बावीस वर्षं ही बाई हे सगळं पोटात ठेवून आपल्याशी भाजीच्या नि विजेच्या बिलाच्या गोष्टी करत होती. आपण रजयांखाली पाकीट जपत होतो.

शेवटच्या पानावर तिनं काहीच लिहिलं नव्हतं. पेन्सिलीचा एक ठिपका मात्र होता, टोक टेकवून उचलून घेतल्यासारखा.

रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवालीनं कागद पाहून तोंड वाकडं केलं. "पेन्सिल आहे, काका. काळे डाग येतील. खोडून द्या, हा घ्या रबर."

लेखक तिच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. वेलांट्या त्यांनी पेनानं दुरुस्त केल्या आणि पेन्सिलीच्या खुणा खोडल्या. दोनदा आलेली ओळ काटली. 'हे बरोबर पाहिलंत' जवळ रबर क्षणभर थांबला, मग त्यांनी ते तसंच ठेवून पान उलटलं. सातव्या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी रबर बाजूला ठेवला. आपलं वाक्य पेनानं आडवं खोडलं, आणि वर लिहिलं, 'लिहून झालं की जेवायला या.'

"झालं का, काका?"

"आज नको," लेखक म्हणाले. "एक सही राहिलीय."

ते पुन्हा खिडकीशी गेले. "बाई, यात दुसऱ्या माणसाचं एक वाक्य आहे."

"एकच वाक्य? एका वाक्याला कोण पत्र जोडतं, काका?"

"ज्याचे शब्द त्याचा हक्क, असं तुम्हीच म्हणालात."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता ना-हरकतीचा कोरा नमुना काढून दिला.

घरी बायको खिडकीजवळ बसून शेजारणीची फाटकी वही शिवत होती. निवृत्त झाली तरी हात स्वस्थ बसत नव्हते. तिनं आधी पाकिटाकडे पाहिलं, वरच्या मोहरांकडे, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"झालं काम?"

"नाही. तुझी सही लागते."

तिनं सुई वहीत टोचून ठेवली, कागद घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. सातव्या प्रकरणातल्या एका वाक्याबाबत माझी कोणतीही हरकत नाही, असं त्यात लेखकांनी बसमध्ये बसून भरलं होतं. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर नाचलं होतं.

"सातव्याबद्दल नाहीच हरकत," ती म्हणाली.

"मग कर ना सही."

"दुसरी हरकत आहे."

लेखक खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. या क्षणाला ते बावीस वर्षं घाबरत होते.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"शेवटाला. तो पिशवी घेऊन निघतो, ती दारात उभी राहते, आणि तुम्ही पुस्तक संपवून मोकळे. ती काय म्हणते ते कुठं आहे? तुम्ही गेला नाहीत, म्हणून मलाही सुचलं नाही तेव्हा. तिथंच मी पेन्सिल टेकवून बसले होते कितीतरी वेळ."

"आता सुचलंय?"

बायकोनं वही बाजूला सारली, टेबलावरचा पसारा आवरून कागदांपुरती जागा केली आणि दुसरी खुर्ची ओढली. लेखकांनी शेवटचं पान काढलं. पेनाचं टोपण उघडता उघडता त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दुपार टळून गेली होती आणि दोघंही उपाशी होती.

"आणि जेवायचं?" त्यांनी विचारलं.

"लिहून झालं की," ती म्हणाली.