मिहालबाचींचा अर्ज

“मजकूर एकच आहे, एतेल्काताई. फक्त नावं बदलायची,” असं म्हणत सचिव स्लावकोंनी एकतीस फायलींचा गठ्ठा तिच्या टेबलावर आदळला. “आणि मंडळाचं नाव भूतकाळात लिहा.”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘होतं’ म्हणा. बेलग्रेडच्या सरकारनं नवं संविधान लागू केलं ना! व्होइवोदिना प्रांताला आता स्वतःचं संविधान नाही, कायदे नाहीत. मग आपलं मंडळ कशाच्या जिवावर राहणार? मंडळ गेलं, खुर्च्या राहिल्या. त्याही न्यायला सोमवारी ट्रक येतोय.”

स्लावको स्वतःच्याच विनोदावर हसले आणि बाहेर गेले.

नगरपालिकेनं कुणावर अन्याय केला, तर त्यानं दाद मागायला नोवी सादला या मंडळाकडे यायचं. तेवीस वर्षं ते अर्ज एतेल्का बारन्यीच्या हातांखालून गेले होते. आज त्याच हातांनी ती सगळ्यांना कळवत होती, की आपलं प्रकरण निर्णयाविना बंद झालं आहे. दहा पत्रं झाली, पंधरा झाली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. रडू सोडाच, साधा रागही येईना. टाइपरायटरवर बोटं आपली चालली होती.

सोळावी फाईल मिहाल झोलनाय यांची निघाली, आणि बोटं थांबली.

त्यांना सगळे मिहालबाची म्हणत, म्हणजे मिहालकाका. घोड्यांचे साज शिवणारा एकोणऐंशी वर्षांचा स्लोव्हाक म्हातारा. गावची जुनी दफनभूमी नगरपालिकेनं बंद केली होती. यापुढे मेलेल्यांनी हमरस्त्यापलीकडच्या नव्या जागेत जायचं. बाचींची बायको झुझाना मात्र नऊ वर्षांपूर्वीच जुन्या जागेत विसावली होती. “दगडावर तिच्या शेजारी माझं नाव कोरून झालंय, जन्मसालसुद्धा,” बाची पहिल्या दिवशी म्हणाले होते. “फक्त मरायचं बाकी राहिलंय, अन् त्यालाच नेमकी बंदी!”

जुन्या जागेत जोडीदाराशेजारी दफन व्हावं, अशा दोन अर्जांवर मंडळानं पूर्वी दहा मिनिटांत परवानगी दिली होती. बाचींचाही नंबर मे महिन्यातच लागला असता. पण दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते बसनं यायचे, कागदात गुंडाळलेलं सॉसेज टेबलावर ठेवायचे, कॉफी प्यायचे आणि तासभर गावच्या कुचाळक्या सांगायचे. घरी एतेल्काशी बोलणारं कुणी नव्हतं.

आजही गुरुवारच होता.

“काय गं पोरी, सगळे असे सुतकी चेहरे करून का बसलेत?” दारातूनच बाचींचा आवाज आला.

तिनं खुर्ची पुढे केली, कॉफी दिली आणि अर्धवट राहिलेलं पत्र वाचून दाखवलं.

“म्हणजे नाही म्हणाले?” बाचींनी विचारलं.

“नाही म्हणायलासुद्धा कुणी उरलं नाही, बाची. आता बेलग्रेडला जायचं. नवा अर्ज, नवा वकील. दोन वर्षं तरी धरा.”

“दोन वर्षं! इथं उद्या असेन की नाही म्हणून मी भाकरीसुद्धा एका दिवसाचीच आणतो, अन् तू दोन वर्षं धरायला सांगतेस?”

एतेल्काला आता एक गोष्ट सांगायलाच हवी होती. “तुमचं काम मे महिन्यातच झालं असतं. फाईल मी खाली सारली होती. दोनदा.”

“मीच म्हणालो होतो ना, आरडाओरडा करणाऱ्यांना आधी जाऊ दे.”

“तुम्ही एकदाच म्हणालात. दुसऱ्यांदा मी माझ्या मनानं सारली. काम झालं असतं, तर तुमचं इथं येणं थांबलं असतं.”

‘असू दे’ असं काही बाची म्हणाले नाहीत. म्हणावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. त्यांनी कॉफी न पिताच कप बाजूला सारला.

“मग दुसरा अर्ज लिहून दे,” ते म्हणाले.

“कसला?”

“तिला हलवायचा. हमरस्त्यापलीकडे. मला तिच्याकडे जाऊ देत नाहीत, तर तिलाच आणायला हवी, नाही का?” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिच्या आईच्या शेजारी निजलीय गं ती. तिथून उठवायचं म्हणजे… जाम भडकेल माझ्यावर. दफनाच्या दिवशी मीच म्हणालो होतो, घाबरू नको, आई आहे जवळ.”

एतेल्कानं यंत्रात कोरा कागद चढवला. हे तिचं काम नव्हतं, पण आज तिथं कुठलंच काम कुणाचं राहिलं नव्हतं. नगरपालिकेचं नाव टाइप केलं. मृताचं नाव, जन्म, मृत्यू. रांग सातवी. बाची एकेक सांगत गेले, कुठंही अडखळले नाहीत.

“हलवण्याचं कारण?” तिनं विचारलं.

बाचींनी टोपीची कड चाचपली.

“एकट्याला भीती वाटते,” ते म्हणाले. “पण तसं लिहू नकोस.”

एतेल्कानं ‘कौटुंबिक’ असं टाइप केलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे ठेवला.