साडेसात तास वजा

शनिवारी सकाळी साडेआठला मंजूषाचा निरोप आला: "रजा मिळाली! इथे ऑकलंडला दुपारचे चार वाजलेत, विमानात बसतेय. नाव मीच ठेवणार!" त्यानंतर फोन बंद.

सोनागिरीतल्या त्या घरात आनंदाला उधाण आले आणि पाचच मिनिटांत ओसरले. गौरांगच्या लेकीचे बारसे रविवारी अकराला होते. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आणि या आत्याने निवडलेले नाव भावालासुद्धा सांगितले नव्हते.

गौरांगचे वडील नरहर कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पेन्सिल चालवली. "अंतर बारा हजार किलोमीटर. हवेत पंधरा तास, सिंगापूर-दिल्लीला विमान बदलायचे दहा. झाले पंचवीस. चारला निघाली, म्हणजे रविवारी संध्याकाळचे पाच. शिवाय तिकडचे घड्याळ साडेसात तास पुढे, ते धरा अधिक. पोचेपर्यंत रविवारची मध्यरात्र उलटेल."

"मग शमिका आहे की," गौरांगची आई सुमित्राबाई म्हणाल्या. "चुलत असली तरी आत्याच. नाव आपण ठरवू."

गौरांग पाळण्याच्या दोऱ्या ओढून पाहू लागला. लहानपणी त्याच्या वाटचे बोलणे मंजूषाच बोलून टाकी; ती परदेशी गेल्यापासून त्याची कितीतरी वाक्ये ओठांपर्यंत येऊन परत फिरत.

रविवारी पाळणा झेंडूने सजला, बायका जमल्या, ढोलक घुमू लागले. शमिकाने पदर खोचला. "दादा, नाव सांग ना जल्दी. मुहूर्त टळेल."

गौरांग बाळाकडे पाहत राहिला. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेत तो मंजूषाला फोन करी, तेव्हा ती दुपारचा डबा खाऊन उठलेली असे. म्हणजे सूर्य आधी तिच्या दारी जाई, मग त्याच्या. आज ती त्याच वाटेने इकडे येत होती. तिकडे सरून गेलेली सकाळ तिला वाटेत पुन्हा भेटणार होती.

"बाबा!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की ढोलक थांबले. "साडेसात अधिक नाही. वजा!"

नरहरांनी चष्मा चढवला. पेन्सिल थबकली. "अरे... म्हणजे साडेनऊ! ती केव्हाच उतरली असणार!"

"तीस वर्षं कारखान्यात लोकांच्या कामाची मापं तपासलीत ना?" सुमित्राबाई म्हणाल्या. "आणि पोरीचंच चुकवलंत!"

"नाव ताईच सांगेल," गौरांग म्हणाला. "मुहूर्त टळला तरी चालेल."

अकराला पाच कमी असताना फाटकाशी टॅक्सी थांबली. "विमानतळावर कुणी आलं नाही ते नाही," दारातूनच मंजूषाचा आवाज आला, "निदान नाव ठेवायचं तरी बाकी ठेवलंत का माझ्यासाठी? माझ्या फोनने सिंगापूरलाच मान टाकली."

"बाबांनी तुला मध्यरात्री उतरवलं होतं," शमिका खिदळली.

हातपाय धुऊन मंजूषा पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीवर बायकांच्या बुक्क्यांचा वर्षाव झाला. हसून हसून तिला कुर्र करता येईना.

"रेवा," शेवटी ती कुजबुजली.

आणि ते नाव, अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, गौरांगने उच्चारले.