कापूस परत झाडावर

आम्ही तिघं: मेघा, नागसेन आणि मी. सिंदीत लोक आम्हाला 'रिकामटेकडे' म्हणत. आम्हाला ते इतकं आवडलं की मंडळाचं नावच तेच ठेवलं. नागसेन लग्नांचं शूटिंग करायचा, म्हणून कॅमेरा त्याचा. डोकं मेघाचं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, मी वायरी धरायचो.

नव्व्याण्णवच्या हंगामात मेघानं आपल्या आईचं, तानाबाईंचं, कापूस वेचतानाचं शूटिंग केलं. सकाळी बाबा, म्हणजे प्रेमदासजी, त्यांना शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी सोडून सायकलनं रेल्वेच्या ड्युटीवर निघाले, तिथपासून संध्याकाळच्या गाठोड्यापर्यंत. पण ते दाखवायचं होतं उलटं. रिवाइंडचं बटण दाबून धरलं की चित्र मागं पळायचं, आणि हीच आमची कला. मेघाला बक्षीस नको होतं, नागपूरची वाहवा नको होती. आईला आवडावं, एवढंच तिचं म्हणणं.

विहाराच्या अंगणात भाड्याचा टीव्ही मांडला. गाठोडं सुटलं, ओटीतला कापूस बोंडाबोंडात जाऊन बसू लागला. बाया पोट धरून हसल्या. स्वतःची सायकल मागं मागं येताना पाहून प्रेमदासजी तर लोळायचेच बाकी राहिले. हसल्या नाहीत त्या एकट्या तानाबाई.

"काऊन गं, मी दिवसभर वेचला, अन् तू वापस झाडाले लावून राह्यली? माह्या मेहनतीची चेष्टा लावली काय?"

"नाई आई. थकेल तू त्यात सकाळसारखी ताजी होत जाते, म्हून..."

"मले नाई पाहाचं," म्हणून त्या उठून गेल्या.

मला त्यांचा भारी राग आला, खोटं कशाला बोलू! मेघानं टेप पेटीत टाकली. मंडळ चालू राहिलं, पण तिची हौस गेली ती गेलीच.

दोन वर्षांनी प्रेमदासजी अचानक वारले. छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सारं संपलं. घरात त्यांचा एकच फोटो होता, ओळखपत्राचा, डोळे वटारलेला.

पुढं एका दुपारी तानाबाईंनी आम्हा तिघांना बसवून घेतलं.

"ते उलटंवालं हाय का अजून?"

नागसेननं घाईघाईनं वायरी जोडल्या. तानाबाई पडद्याच्या अगदी जवळ, जमिनीवर बसल्या. मेघानं बटण दाबलं. गाठोडं सुटलं, कापूस झाडावर जाऊ लागला, आणि तिचा धीर सुटला.

"आई, सरळ लावू का? तुही मेहनत तशीच राहीन."

"सरळ लावशीन त तुहा बाप चालला जाते ना," तानाबाई म्हणाल्या. "जाऊ दे सारा कापूस झाडावर. तू बटण सोडू नोको."

मेघानं बटण सोडलं नाही. दूर रस्त्यावर सायकल दिसली, मागं मागं येत. धुऱ्यापाशी ती थांबली आणि प्रेमदासजी खाली उतरले.