आवडेल ते खाऊ द्या

आमच्या आईचा कारल्यावर फार जीव आणि बाबांचा तेवढाच राग. लग्न झाल्यापासून दोघंही मागे हटली नाहीत; आई कारलं वाढायची, बाबा ताट सरकवायचे. त्यामुळे त्या रविवारी मी उल्हासनगरहून सोनिवलीला माहेरी गेले आणि बाबांच्या ताटात चिंबोऱ्यांचा रस्सा, तळलेले बोंबील आणि वर खीर बघितली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. ओटीवर वेणूआत्या तोंडाला पदर लावून बसली होती.

मी आईला आत ओढलं. "काय चाललंय?"

"डॉक्टर बोलला, आवडेल ते खाऊ द्या," आई कुजबुजली. "तुझ्या आजीच्या वेळी पण असंच बोललेले. आठवडा नाय काढला तिने."

बाबांच्या जठरात लिम्फोमा निघालाय, हा कॅन्सरचा दुर्मीळ प्रकार आहे, एवढं माझ्या भावाने, सुजितने, फोनवर सांगितलं होतं. इस्पितळात तो औषधं आणायला खाली गेला, तेवढ्यात आईने डॉक्टरांना पथ्य विचारलं आणि ते उत्तर पदरात बांधून घरी आली. सांगितलं फक्त वेणूआत्याला, म्हणजे अख्ख्या गावाला. सुजितला आपलं वाटत होतं, बाबांचे लाड चाललेत. शहाणाच आहे तो!

गोळ्यांची पिशवी फळीवर तशीच होती. तिची गाठही सुटली नव्हती.

"बाबा, गोळ्या?"

"कॅन्सरला कधी गोळ्या देतात गो? शेजारच्या शशिकांतला कॅन्सर झालेला तेव्हा केवढ्या सलाईनी लावलेल्या. मला गोळ्या देऊन घरी धाडला, म्हणजे हात टेकले त्यांनी. कशाला उगीच घशाखाली ढकलायच्या?"

हे ते इतक्या शांतपणे बोलले की मला रडूच आलं. रागही आला, सगळ्यांचाच. मी तिथेच डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"एकही घेतली नाही?" डॉक्टर वैतागले. "अहो काका, तुमची गाठ हळू वाढणारी आहे. जठराच्या आतल्या थरातच आहे, आसपासच्या ग्रंथींपर्यंत पोचलेली नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्या पोटात जंतू सापडलाय. त्याच्याच जिवावर ती वाढते. या गोळ्यांनी तो मेला की पुष्कळांची गाठ विरून जाते."

"म्हणजे जंतू निघाला ते बरं झालं?"

"नशीबच म्हणा. खात्री देत नाही मी, पुन्हा दुर्बीण घालून बघावं लागेल. पण गोळ्या पूर्ण घ्या. एकही चुकवू नका."

"आणि ते... आवडेल ते खाऊ द्या?" आईने दारातूनच विचारलं.

"पथ्य काही नाही म्हणून बोललो हो मावशी! जेवण जात नव्हतं ना त्यांना."

आईने पाण्याचा तांब्या आणला आणि पिशवीची गाठ दातांनीच सोडली.

संध्याकाळी मी निघायच्या आधी तिने ताटं वाढली. बाबांच्या ताटात तांदळाची भाकरी आणि कारल्याची भाजी. बाबा नुसते बघत बसले. मग त्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"कडू लागली काय?" आईने विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "अजून वाढ."